मुरंबा
मुरंबा : साखरेच्या घट्ट पाकात फळे किंवा त्यांच्या फोडी मुरवून केलेला टिकाऊ गोड पदार्थ. ‘मुरब्बा’ या मूळ अरबी शब्दावरून हे नाव आले आहे. वळवाच्या वाऱ्यापावसाने झडलेल्या कैऱ्या, तसेच हंगामात एकदम मुबलक येणारे आवळे यांचा मुरंबा महाराष्ट्रात घरोघरी करतात. साखरेऐवजी गूळ वापरून केलेल्या कैरीच्या प्रकारास गुळांबा म्हणतात.

कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी वाफवतात व पातळ पाकात सोडतात. नंतर पाक क्रमाक्रमाने आटवितात. आरंभीच घट्ट पाक वापरल्यास फोडींतील पाणी वेगाने बाहेर पडून त्या आकसतात व चिवट होतात. पाकातील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण सु. ६८% झाले म्हणजे सूक्ष्मजंतूंना वाढीसाठी पुरेसे पाणी उपलब्ध होत नाही व मुरंबा टिकतो. साखर कमी पडल्यास किंवा ओला चमचा लागल्यास तो आंबतो अथवा त्यावर बुरशी येते. काही बुरशींची विषे आतवर पसरू शकतात. म्हणून केवळ वरचा थर काढून उरलेला मुरंबा खाणे सुरक्षित नसते. फळांतील अम्लाची धातूंवर क्रिया होत असल्याने मुरंबा काचेच्या वा चिनी मातीच्या स्वच्छ, कोरड्या बरणीत भरून ठेवतात.