गळणारे घर आणि औषधाची बाटली

जुन्या मराठी घरांत न्हाणीघराशी तांब्याचा बंब असे. तो गळू लागला की गळती डोळ्यांना दिसे आणि तांबट छिद्र झाळून देई. इंग्लंडमधील गृहस्थाची अडचण याहून बिकट आहे. त्याच्या घरात बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळांवाटे खोलीखोलीतल्या पोलादी रेडिएटरांतून फिरते आणि निवून परत येते. हे नळ पुष्कळदा लाकडी फळ्यांखाली, तर कधी काँक्रीटच्या जमिनीत पुरलेले असतात. ऐन जानेवारीत दाबमापकाचा काटा रोज थोडाथोडा उतरू लागतो आणि ओल मात्र कोठेच दिसत नाही. मग जमीन फोडण्याच्या धास्तीने तो गृहस्थ गळती बुजवणाऱ्या रसायनाच्या बाटलीकडे वळतो.

अशी रसायने अनेक प्रकारची असतात. सोडियम सिलिकेट हे त्यांतील एक जुने द्रव्य होय. पाण्यात विरघळलेले असेपर्यंत ते पाण्याबरोबर फिरत राहते. छिद्राशी त्याची बाहेरच्या हवेशी गाठ पडली आणि पाणी उडून गेले, की तेथे काचेसारखा कठीण थर धरतो. कल्पना मात्र फार जुनी. वाफेच्या यंत्रांच्या काळात बॉयलरच्या फटी बुजवण्यासाठी पाण्यात ओटचे पीठ, कोंडा, इतकेच काय, घोड्याची लीदही टाकीत! केसासारख्या बारीक छिद्रावर हा उपाय चालतो. सांधा सैल झाला असेल तर पानाच हवा, आणि गंजून फुटलेला रेडिएटर बदलावाच लागतो.

परंतु काटा उतरला म्हणजे नळच गळतो, असे नाही. दहा अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापलेले पाणी सुमारे ३ टक्के फुगते. ही वाढ सामावून घेण्यासाठी एक प्रसरणपात्र असते. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस दाबलेली हवा. ती हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की पाणी तापताच दाब भराभर चढतो, साधारणतः ३ बारला सुरक्षा-झडप उघडते आणि जादा पाणी घराबाहेरच्या नळीतून गुपचूप वाहून जाते. पाणी निवल्यावर काटा पूर्वीपेक्षा खाली! येथे बाटलीचा काडीमात्र उपयोग नाही. म्हणून जाणता कारागीर आधी ती बाहेरची नळी पाहतो. त्यानंतर बॉयलर बंद करून त्याला जोडलेल्या दोन्ही झडपा रात्रभर मिटून ठेवतो. तरीही बॉयलरवरचा काटा उतरला तर दोष बॉयलरमध्येच. स्थिर राहिला तर नळांत वा रेडिएटरांत.

चालढकलही महागात पडते. दाब भरून काढण्यासाठी घातलेले ताजे पाणी प्रत्येक वेळी आपल्याबरोबर प्राणवायू आणते, पोलाद गंजते आणि काळा गाळ साचतो. गंज रोखण्यासाठी पाण्यात मिसळलेले द्रव्यही पातळ होत जाते. अशा गढूळ पाण्यात गळतीरोधक ओतणे म्हणजे गाळात गोंद कालवणे. आधी धुलाई हवी. शिवाय काही बॉयलर-उत्पादकांना हा उपाय मान्यच नसतो, तेव्हा हमीपत्र वाचल्यावाचून बाटली उघडू नये. रसायन ओतल्यावर पाणी तापवून फिरू द्यावे आणि काही दिवस काट्याची नोंद ठेवावी. तो तरीही उतरतच राहिला, तर दुसरी बाटली न आणता जमीन उघडणारा कारागीर बोलवावा.