परिचारिकेची नोंद : रुग्णाची सोबतीण

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे बाजारपेठेचे गाव. पावसाळ्याच्या दिवसांत सर्पदंश झालेला एखादा शेतकरी सायंकाळी येथील ग्रामीण रुग्णालयात दाखल झाला, असे समजू. रात्री परिचारिकेची पाळी बदलणार. प्रकृती बिघडल्यास रुग्णाला मालेगाव किंवा नाशिक येथे हलवावे लागणार. माणसे बदलतात, रुग्णाबरोबर राहते ती त्याच्या शुश्रूषेची नोंद. ही नोंद ठेवण्याच्या अनेक पद्धती असून प्रत्येकीचे गुणदोष निराळे आहेत.

वर्णनात्मक पद्धती

ही सर्वांत जुनी व परिचित पद्धती होय. घडले ते क्रमवार लिहावयाचे. तीस विशेष प्रशिक्षण लागत नाही आणि अनपेक्षित घटनाही तीत सामावते. तथापि, ‘रुग्ण बरा आहे, रात्री झोप लागली’ अशा मोघम वाक्यांनी पान भरण्याचा धोकाही येथेच अधिक. सर्पदंशाच्या रुग्णाला झोप लागली की विषामुळे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, हे अशा वाक्यावरून कळत नाही.

समस्यानिष्ठ पद्धती

अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली या पद्धतीची मांडणी प्रसिद्ध केली. प्रत्येक समस्येखाली चार गोष्टी लिहावयाच्या : रुग्णाचे सांगणे, प्रत्यक्ष आढळलेली लक्षणे, त्यावरून केलेले अनुमान आणि पुढील योजना. ‘पाय ठणकतो’ हे रुग्णाचे सांगणे. सूज घोट्यापासून पोटरीपर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त येते, हे निरीक्षण. यामुळे विचाराला शिस्त लागते. मात्र एकाच रुग्णाच्या अनेक समस्या असल्या की लेखन वाढते.

तक्ता आणि अपवादनोंद

नाडी, श्वसन, रक्तदाब, लघवीचे प्रमाण यांसाठी तक्ता सर्वांत सोयीचा. आकडे ओळीने मांडले की होत जाणारा बदल एका दृष्टिक्षेपात दिसतो. प्रसूतीची प्रगती दाखविणारा आलेख हा याच तत्त्वाचा नमुना होय.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांतून अपवादनोंदीची पद्धती पुढे आली. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जे वेगळे आढळेल, तेवढेच सविस्तर लिहावयाचे. यात वेळ वाचतो. परंतु ते प्रमाण आधी लेखी ठरलेले नसेल, तर मोकळी जागा संदिग्ध राहते. सर्व काही ठीक होते, की कोणी पाहिलेच नाही?

निवड कशी करावी?

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती पाहण्यासाठी रुग्णाचे थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत वीस मिनिटे न हलविता ठेवतात. प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी ही चाचणी पुन्हा करावयाची असते. ‘प्रतिविष दिले’ एवढेच लिहिले आणि वेळ लिहिली नाही, तर पुढील पाळीच्या परिचारिकेने सहा तास कोठून मोजावे?

यास्तव कमी मनुष्यबळाच्या रुग्णालयात आकड्यांसाठी तक्ता आणि प्रकृतीतील बदलासाठी वेळेसह लहानशी समस्यानिष्ठ टिपण, असा मेळ उपयुक्त ठरतो. नोंद काम होताच करावी. चूक झाल्यास एकच रेघ मारून मूळ मजकूर वाचता येईल असा ठेवावा व शेजारी सही करावी. न केलेले काम केले असे कधीही लिहू नये. संगणकावर नोंद केल्यास अक्षर वाचनीय होते, ती दुसऱ्या रुग्णालयातही पोहोचू शकते; निरीक्षण मात्र परिचारिकेलाच करावे लागते.

नोंद चांगली की अपुरी, याची कसोटी साधी आहे. पहाटे नव्याने आलेल्या परिचारिकेला ते पान वाचून, कोणालाही न विचारता, पुढचे काम कोणते आणि ते किती वाजता करावयाचे हे समजले पाहिजे. त्या शेतकऱ्याची सुरक्षितता औषधाइतकीच या पानावरही अवलंबून असते.