नाव महावितरणचं, घाई चोराची

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो. मागच्या महिन्याचं बिल ‘अपडेट’ झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापली जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा. खाली कुणाचा तरी दहा आकडी मोबाइल नंबर. २०२२ मध्ये महाराष्ट्रात हा मेसेज गावोगाव फिरला आणि थोडा रंग बदलून आजही फिरतो. वेळ मुद्दाम निवडलेली असते. वीज कार्यालय बंद झालेलं असतं, आणि बिल मुलगा ऑनलाइन भरतो म्हणून ते भरलंय की नाही, हे घरातल्या आईला ठाऊक नसतं.

फोन लावला की पलीकडचे ‘साहेब’ अदबीने बोलतात. बिल भरलंय म्हटलं तरी वाद घालत नाहीत. ‘भरलंय हो ताई, पण सिस्टीमला चढलेलं नाही. फक्त दहा रुपये भरा, लगेच चढेल.’ त्यासाठी ते एपीके, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवतात, नाहीतर एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला लावतात. हे अ‍ॅप खोटं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दुरूनच काम करायला ते वापरतात. पण त्याचा कोड सांगून परवानगी दिली की तुमचा स्क्रीन समोरच्यालाही दिसू लागतो. दहा रुपयांसाठी टाकलेला कार्डाचा नंबर आणि पाठोपाठ आलेला ओटीपी तो आरामात वाचतो. एपीके आणखी गुपचूप काम करते: मेसेज वाचायची परवानगी मागून घेते आणि ओटीपी परस्पर चोराकडे पोचवते.

कंपनीचं नाव, बोधचिन्ह कुणालाही उचलता येतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला लावता येतं. तिची कामाची पद्धत मात्र चोराला परवडत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. चोराने पंधरा दिवस दिले तर तेवढ्यात मुलगा घरी येईल, बिल तपासेल, डाव फसेल. म्हणून त्याला ‘आज रात्री’ म्हणावंच लागतं, आणि तिथेच तो ओळखू येतो. महावितरणचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ असं नाव असलेल्या हेडरवरून येतात, खासगी मोबाइल नंबरवरून नाही. बिलाची स्थिती आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अ‍ॅपवर पाहता येते. शंका उरली तर १९१२ ला फोन करावा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये. तिथेही चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात.

बँक, गॅस, कुरिअर यांच्या नावाने आलेल्या निरोपांनाही हाच पडताळा लावावा: ही कंपनी खरोखर अशी काम करते का?

पैसे गेलेच, तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर लावावा. चोरीचा पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकत असतो. तक्रार लवकर पोचली तर वाटेत सापडलेली रक्कम बँक गोठवू शकते. लगोलग आपल्या बँकेलाही कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी ग्राहकाने स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मेसेज, कॉलची नोंद, व्यवहाराचा क्रमांक यांतलं काहीही पुसू नये. पोलीस तपासाला तेच लागतं.

पैसे वाचले, तर बहुतेक जण मेसेज डिलीट करून मोकळे होतात. अशा प्रयत्नांसाठीच केंद्राच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ ही सोय आहे. गेल्या तीस दिवसांतला संशयास्पद कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तिथे कळवता येतो आणि त्यावरून तो नंबर तपासून बंद करता येतो. फसलेला माणूस अनेकदा लाजेने गप्प बसतो. न फसलेल्याला लाजायचं कारण नाही, आणि चोराचा नंबर चालू असतानाच तो त्याच्या हातात असतो. तक्रार पहिल्यांदा त्यानेच करायला हवी.