एकही मेंढरू नोंदीबाहेर राहू नये

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आद्य ख्रिस्तसभेतील एका तक्रारीचा उल्लेख आहे. श्रद्धावंतांची संख्या वाढत गेली आणि रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही. त्यांनी सात विश्वासू माणसे निवडून घेतली आणि हे काम त्यांच्याकडे सोपवले. पुढे इ. स. २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियस ह्यांनी लिहिलेल्या एका पत्रावरून कळते, की रोमची ख्रिस्तसभा त्या काळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू व्यक्तींचा सांभाळ करीत होती. एवढ्या लोकांचा सांभाळ केवळ आठवणीच्या बळावर होणे शक्य नाही. सेवाकार्य वाढले, की त्याची नोंद ठेवणे हाही सेवेचाच भाग होतो.

भायखळा, माझगाव, नागपाडा ह्या परिसरात हा प्रश्न आज पुन्हा समोर उभा आहे. येथे जुन्या चाळी आहेत, पदपथावरचे संसार आहेत, मोठी रुग्णालये आहेत, महिलांचे कारागृह आहे. धर्मग्रामातील सेवा केंद्र सुरुवातीला दहा-वीस कुटुंबांना मदत करते, तेव्हा कार्यकर्त्याची डायरी पुरते. कुटुंबांची संख्या दोनशे-तीनशेवर गेली, की डायरी अपुरी पडते. आम्ही पाहिलेल्या एका केंद्रात असेच घडले. एका वृद्ध विधवेला दरमहा औषधे पोहोचवणारे स्वयंसेवक अचानक दुसरीकडे राहावयास गेले आणि त्यांची वही त्यांच्याबरोबर गेली. तीन महिने त्या आजीबाईंकडे कोणीही गेले नाही. प्रत्येकाला वाटत होते, की दुसरे कोणीतरी जात असेल. आजीबाईंनी तक्रार केली नाही; आपला हक्क संपला असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. ह्या एका प्रसंगाने आम्हाला ‘केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’ ह्या विषयाकडे गांभीर्याने पाहावयास लावले.

‘केस’ म्हणजे काय?

समाजकार्यात ‘केस’ म्हणजे मदतीसाठी आलेली व्यक्ती किंवा कुटुंब, त्यांची अडचण आणि त्या अडचणीवर टप्प्याटप्प्याने केलेले काम. ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने शिकविण्याचा भारतातील आरंभ आपल्या शेजारीच झाला. आज ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ साली नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक होते. देवनारच्या आवारात ती नंतर, १९५४ साली गेली. नागपाड्यातील त्या वर्गांतून घडलेल्या कार्यकर्त्यांची फाइल कागदाची होती. आजचे सॉफ्टवेअर तीच फाइल संगणकात ठेवते, मात्र तिला काही नवे गुण देते.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

पहिली गोष्ट, प्रत्येक व्यक्तीला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. आपल्याकडे एकाच रस्त्यावर तीन मारिया डिसोजा असू शकतात आणि एकाच डिसोजांचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे असू शकते. क्रमांकामुळे एकीची मदत दुसरीच्या नावे पडत नाही. दुसरी गोष्ट, एका कुटुंबातील माणसे परस्परांशी जोडली जातात. मुलाच्या शाळेच्या फीसाठी आलेली आई आणि व्यसनमुक्तीसाठी आलेले वडील एकाच घरातले आहेत, हे कार्यकर्त्याला दिसते. तिसरी गोष्ट, प्रत्येक भेटीची नोंद तारखेसह राहते. कोण भेटले, काय ठरले, पुढची भेट केव्हा, हे त्यात असते. ठरलेली तारीख उलटली, की सॉफ्टवेअर आठवण करून देते. त्या आजीबाईंचे नाव अशा यादीत पहिल्याच महिन्यात वर आले असते. चौथी गोष्ट, एखाद्याला रुग्णालयात किंवा कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवले, तर तो तेथे पोहोचला का, हेही नोंदता येते. आपल्या कामात माणसे हरवतात ती बहुधा ह्याच टप्प्यावर.

अशी सॉफ्टवेअर विकतची आहेत, तशी मुक्त स्रोताचीही आहेत. ‘सिव्हीसीआरएम’मध्ये केस हाताळण्याची सोय आहे. बालसंरक्षणासाठी युनिसेफच्या पुढाकाराने ‘प्रिमेरो’ तयार झाले. भारतात बनलेले ‘अवनी’ इंटरनेट नसतानाही मोबाइलवर नोंद घेऊ देते. मुक्त स्रोत म्हणजे परवान्याचे शुल्क नाही. पण मांडणी, देखभाल, बॅकअप आणि प्रशिक्षण ह्यांचा खर्च राहतोच. तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.

वापरणाऱ्याला पेलेल असे साधन

१९८४ साली भायखळ्यात ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन झाली. पदपथावर राहणाऱ्या लोकांची नोंद कोणत्याच यादीत धड नव्हती. १९८५ साली संस्थेने त्यांची मोजणी केली आणि तिच्या अहवालाला ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे ह्याच पदपथावरच्या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ उभारले. अनेकींना लिहितावाचता येत नसे. म्हणून प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवले जात आणि प्रत्येक रंग ठरावीक रकमेची बचत दाखवी. आपला हिशेब प्रत्येकीला स्वतः पाहता येई. सॉफ्टवेअर निवडताना हा धडा विसरू नये. पडद्यावरची भाषा मराठी असावी, रकाने थोडे असावेत आणि नोंद झालेली माहिती त्या माणसाला वाचून दाखवता यावी. साठ रकाने भरण्यात ज्या कार्यकर्तीची भेट संपते, तिला समोरचे अश्रू दिसत नाहीत.

विश्वासाची राखण

सर्वांत गंभीर बाब गोपनीयतेची. माणूस आपले आजारपण, घरातील मारहाण, कर्ज, तुरुंगातील मुलगा, हे सारे विश्वासाने सांगतो. आपल्या लहानशा समाजात अशी गोष्ट बाहेर पडली, तर ते कुटुंब पुन्हा मदतीला येत नाही, कदाचित मिस्सालाही येत नाही. म्हणून फाइल कोणी पाहावी, हे आधी ठरले पाहिजे. शिधा वाटणाऱ्याला नाव व शिध्याची नोंद पुरे. समुपदेशकाचे टिपण त्याला दिसू नये. प्रमुख धर्मगुरूंनाही प्रत्येक फाइल उघडण्याचे कारण नाही. फाइल कोणी केव्हा उघडली, ह्याची नोंद चांगले सॉफ्टवेअर ठेवते. एकच पासवर्ड सर्वांनी वापरला, तर ह्या सोयीला अर्थ उरत नाही. तसेच कागदपत्रांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकण्याची सवय थांबविली पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घेणे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. एचआयव्हीबाधितांच्या माहितीला २०१७ च्या कायद्याचे, तर संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या ओळखीला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे. मात्र केसची नोंद म्हणजे पापनिवेदन नव्हे. पापनिवेदनाची मोहर अभंग असते. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती केंद्राला मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. ही मर्यादा कार्यकर्त्यांना ठाऊक असावी.

सुरुवात कशी करावी?

आमची सूचना साधी आहे. आधी कागदावर लिहून काढा, की माणूस दारात आल्यापासून त्याचे काम पूर्ण होईपर्यंत कोण काय करतो. जी पद्धत कागदावर गोंधळलेली आहे, ती संगणकावरही गोंधळलेलीच राहील. मग वीस कुटुंबांवर तीन महिने प्रयोग करा. जुन्या वह्यांतील सर्व काही भरू नका. चालू केसेस तेवढ्या घ्या. धर्मग्रामातील संगणक जाणणाऱ्या युवकांची मदत घ्या, पण त्यांना सराव देताना काल्पनिक नावे वापरा.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूने शिकविले आहे. संगणक हाक मारू शकत नाही. कोणाला हाक मारायची राहिली आहे, एवढे तो सांगतो. त्यानंतर जिना चढून दार ठोठावण्याचे काम आपलेच आहे. येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील सेवा केंद्रात जाऊन एवढेच विचारावे : आपल्या यादीतील कोणाकडे गेल्या महिन्यात कोणीच गेले नाही? उत्तर चटकन मिळाले नाही, तर काम तेथूनच सुरू करावे.