९४.३ टक्केवाला घोडा

घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर वरातीतला नवरदेव येतो, नाहीतर महालक्ष्मीचं रेसकोर्स. पण २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाज नावाच्या प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून मला या खेळाचा नाद लागला. कारण यात घोड्याची चक्क परीक्षा असते आणि टक्केवारीही मिळते!

डिसेंबर २०१४ मध्ये लंडनला वालेग्रो नावाच्या घोड्यानं ९४.३ टक्के मिळवून स्वतःचाच विश्वविक्रम मोडला. आता हे टक्के कशाचे, ते बघू.

साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान. कडेनं इंग्रजी अक्षरं लावलेली. कुठल्या अक्षरापाशी काय करायचं हे ठरलेलं असतं आणि प्रत्येक हालचालीला पंच ० ते १० गुण देतात. जागच्या जागी दुडकी, मागच्या पायांभोवती गिरकी, तिरकं चालणं... शेवटच्या फेरीत हे सगळं संगीतावर. आणि हे करताना स्वार नुसताच बसलाय असं वाटलं पाहिजे!

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा खेळ आहे. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्याला मागचे पाय पोटाखाली घेऊन, सांधे वाकवून जास्त भार मागे पेलायला शिकवतात. मग पुढचा भाग हलका होतो आणि घोडा जागच्या जागी वळू शकतो. लगाम ओढून मान वाकवता येते, पण भार मागे जात नाही. त्यासाठी पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू घडवावे लागतात, आणि त्याला वर्षं लागतात. एका रात्रीत सबमिशन उरकण्यासारखं हे काम नाही.

वालेग्रोचा जन्म २००२ चा, हॉलंडमधला. पैदाशीचा घोडा म्हणून तो निवडला गेला नाही. इंग्लंडच्या कार्ल हेस्टरनं त्याला चारेक हजार युरोंना घेतलं. या खेळात ही किंमत अगदीच किरकोळ. २००७ मध्ये हेस्टरच्या तबेल्यात शार्लट डुजार्डिन ही तरुणी मोतद्दार म्हणून आली. कोवळ्या वालेग्रोला तयार करायचं काम तिच्याकडे आलं. घोडा सर्वोच्च पातळीला पोचला की हेस्टर स्वतः त्याच्यावर बसणार होता. पण जोडी इतकी जमली की त्यानं घोडा तिच्याकडेच ठेवला. बॉसनं असं करणं सोपं नसतं!

पुढचं सगळं रेकॉर्डवर आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक सुवर्ण. त्याआधी ब्रिटनला ड्रेसाजमध्ये ऑलिंपिक पदकच नव्हतं. २०१४ ला जागतिक विजेतेपद. २०१६ ला रिओत ९३.८५७ टक्क्यांसह पुन्हा वैयक्तिक सुवर्ण. आणि त्याच डिसेंबरमध्ये, चौदाव्या वर्षी, जिंकत असतानाच निवृत्ती.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एक जुना व्हिडिओ बाहेर आला. त्यात डुजार्डिन शिकवणी घेताना एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारताना दिसत होती. तो घोडा वालेग्रो नव्हता. तिनं माफी मागून स्पर्धेतून माघार घेतली आणि आंतरराष्ट्रीय महासंघानं तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली.

ही बातमी वाचल्यावर मी वालेग्रोच्या फिती पुन्हा लावून बघितल्या. झटकणारी शेपटी, उघडं तोंड, ताठ पाठ ही घोडा त्रासल्याची लक्षणं असतात आणि पंचांनी त्याचे गुण कापायचे असतात. पण पंचांना दिसतात ती मैदानावरची पाच-सहा मिनिटं. तबेल्यातली दहा वर्षं गुणपत्रिकेत येत नाहीत, आणि घोड्याला रीइव्हॅल्युएशनचा फॉर्म भरता येत नाही.

म्हणून मला ९४.३ या आकड्यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या वाटतात. कमी पैशांत मिळालेल्या घोड्याला पिकायला दिलेली वर्षं, आणि तो जिंकत असतानाच त्याचं खोगीर उतरवणं. यासाठी कुणी गुण देत नाही. घोड्याच्या दृष्टीनं मात्र खरा निकाल तोच.