अडलेले चित्र आणि रुळांची रुंदी

नागपूरहून छिंदवाडा आणि नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या जुन्या प्रवाशांना आजही आठवतात. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या त्या रुळांवरचा माल १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या मार्गावर न्यायचा, तर तो उतरवून पुन्हा चढवावा लागे. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये व नागभीडची २०१९ मध्ये बंद झाली. रुळांच्या रुंदीचा प्रश्न मात्र आता शहरातील दिवाणखान्यांत येऊन बसला आहे.

प्रसंग नेहमीचाच. घरातील लग्नाचे चित्रण संगणकात साठविलेले असते. ते वाय-फायवरून मोठ्या पडद्यावर पाहण्यास सारे कुटुंब जमते आणि चित्र क्षणाक्षणाला थबकते. कधी चित्र दिसते, पण आवाज नाही. मग इंटरनेटची अधिक वेगाची, अधिक महाग योजना घेतली जाते. दोष तसाच राहतो. कारण घरातल्या संगणकातून घरातल्याच पडद्याकडे जाणारे चित्र बाहेरच्या इंटरनेटला शिवतही नाही. अपुऱ्या माहितीपोटी ग्राहक नको तेथे खर्च करतो तो असा.

दोष मालात आहे की मार्गात, हे आधी ठरविले पाहिजे. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याच प्लेअरला लावावी. सुरळीत चालली, तर संशय मार्गावर. तेथेही अडली, तर संशय फाइलच्या सांकेतिक रूपावर. मार्गाची परीक्षा राउटरपासून केबल टाकून होते. वाय-फायच्या लहरींना धातू अडवितो आणि पाणी शोषून घेते. तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या कूलरमागे राउटर ठेवणे म्हणजे मार्गात भिंत उभारणेच होय.

सांकेतिक रूपाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एच.२६४ हे रूप २००३ मध्ये आले. २०१३ मधील एचईव्हीसी जवळजवळ निम्म्या जागेत तेच चित्र मावविते. अनेक नवे मोबाइल याच रूपात चित्रण करतात. जुन्या संचात ते उलगडणारी चिपच नसते. मग चित्र चालू असतानाच संगणकाला त्याचे रूपांतर करावे लागते. हीच ती मालाची उतरचढ! हमाल कमी पडले की गाडी खोळंबते. फाइलचे एच.२६४ मध्ये एकदाच, आधीच रूपांतर करून ठेवणे हा त्यावर साधा उपाय आहे.

तथापि, मूळ कारण तांत्रिक नसून आर्थिक आहे. या रूपांवर अनेक कंपन्यांचे पेटंट आहे आणि परवान्यासाठी शुल्क द्यावे लागते. ते वाचविण्यासाठी उत्पादक एखादे रूप वगळतो. आवाज गायब होण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. २०१८ मध्ये आलेले एव्ही१ हे रूप शुल्कमुक्त ठेवण्याच्या हेतूनेच तयार झाले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा व मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तो खरा करायचा, तर संच कोणती रूपे उलगडतो हे खोक्यावर, ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत छापले गेले पाहिजे. रेल्वेने १९९२ पासून एकाच रुंदीचे धोरण राबविले, कारण रुळांचा मालक एकच होता. चित्रांच्या रुळांना मालक अनेक आहेत. ते एकरुंद होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, रुंदी आधी सांगण्याची सक्ती करणे कितीतरी सोपे आहे.