सुखोमाजरीच्या शेळ्या आणि स्वार्थाचे गणित

‘स्वार्थ हेच शहाणपण, सहकार्य करणारा भाबडा, हे गेम थिअरीने सिद्ध केले आहे.’ हे विधान इतक्या खात्रीने ऐकवले जाते की चीड येते. कैद्यांच्या पेचात, म्हणजे दोन साथीदारांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा या कोड्यात, दुसरा काहीही करो, प्रत्येकाला दगा देणेच फायद्याचे ठरते, हे खरे. पण त्यामागच्या अटी कुणी सांगत नाही. डाव एकदाच खेळायचा, बांधून घेणारा करार करायचा नाही आणि नफा-तोट्याचे कोष्टक बदलायचे नाही. अटी बदलल्या की उत्तर बदलते, हेही त्याच गणिताने सांगितले आहे.

पुरावा चंडीगडच्या शेजारीच आहे. १९५८ साली बांधलेला सुखना तलाव शिवालिकच्या डोंगरांतून येणाऱ्या गाळाने भरू लागला. सत्तरच्या दशकात मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंडीगड केंद्रातले पी. आर. मिश्रा माग काढत सुखोमाजरी गावाच्या वरच्या बोडक्या उतारांवर पोहोचले. तिथे मोकाट चराई चालू होती. माझी शेळी आवरली तरी शेजाऱ्याची चरणारच, हा प्रत्येक घराचा हिशेब चुकीचा नव्हता. म्हणूनच नुसत्या उपदेशाचा उपयोग नव्हता. बंधारे घालून शेतीला पाणी मिळाले, पण ज्याला जमीनच नाही त्याने त्या पाण्यासाठी शेळ्या का आवराव्यात? तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा वाटा मिळाला, आणि तो विकण्याची मुभाही. आता डोंगर राखण्यात प्रत्येकाचाच लाभ होता. चराई थांबली, गवत वाढले, तलावाकडे जाणारा गाळ झपाट्याने घटला. गावकरी संत झाले नव्हते. कोष्टक बदलले होते.

यावर ‘सामायिक कुरण उजाडणारच’ म्हणून गॅरेट हार्डिन यांच्या १९६८च्या लेखाचा दाखला दिला जातो. पण त्या लेखात कुरणाला ‘व्यवस्थापन नसलेले’ हे विशेषण न लावणे ही मोठी चूक होती, असे हार्डिन यांनीच १९९८ साली मान्य केले. हे एखाद्या गावापुरतेच आहे, असे म्हणणाऱ्यांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे १९९०चे पुस्तक वाचावे. लोकांनी मिळून सामायिक साधने सांभाळण्याच्या जगभरच्या व्यवस्थांच्या अभ्यासासाठी त्यांना २००९चे नोबेल मिळाले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनेही पाणी माणशी वाटले, भूमिहीनांना हक्क दिला आणि उसाला मनाई केली. सुखोमाजरीतला सहकार पुढे ढिला पडला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून माणसाची जात स्वार्थीच, असे सिद्ध होत नाही. नियमांचीही डागडुजी करावी लागते, इतकेच दिसते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नॅश समतोल म्हणजे सर्वांच्या हिताचा तोडगा नव्हे; एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशी ती स्थिती. ‘जशास तसे’ ही चाल कैद्यांचा पेच पुन्हा पुन्हा खेळवणाऱ्या ॲक्सेलरॉड यांच्या संगणकीय स्पर्धांत जिंकली, म्हणून ती सर्वत्र सर्वोत्तम ठरत नाही. आणि सहकार्य म्हणजे त्याग नव्हे.

पाणलोटाच्या योजना आखणाऱ्यांनी गावकऱ्यांच्या स्वार्थाला दोष देण्याआधी भूमिहीनाच्या वाट्याला काय येते, ते तपासावे.